दूषित जमीन आणि भूजल साफ करणारी कंपनी: जुन्या प्लेटिंग कारखान्याच्या जागेवरचा अनुभव

पाचपैकी चार तारे देते आहे. एक तारा का कापला ते पुढे येईलच. बंद पडलेल्या कारखान्याची जागा ज्यांच्या पदरात पडली आहे आणि खाली नेमकं काय मुरलंय हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. या कामाच्या कंपन्यांबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक त्यांच्याच माहितीपत्रकातलं असतं. काम करवून घेणाऱ्याच्या बाजूने फारसं कोणी लिहीत नाही.

मी केमिस्ट. याच कारखान्याच्या हार्ड क्रोम विभागात, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा कडक थर चढवायच्या विभागात, बाथ (त्या थरासाठीचं टाकीतलं द्रावण) तपासायचं काम केलं. लिटरमागे सुमारे 250 ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं सल्फेट, आणि हे प्रमाण राखण्यासाठी रोजचं टायट्रेशन. प्लेटिंगच्या शेजारीच डीग्रीझिंगची, म्हणजे भागांवरचं तेल-ग्रीस काढायची टाकी होती. तिच्यात ग्रीस विरघळवणारा ट्रायक्लोरोएथिलीन हा द्रव, आम्ही नुसतं ट्रायक्लोर म्हणायचो. कारखाना बंद झाला, शेड उतरली. पुढे लहान उद्योजकांच्या एका गटाने गाळे बांधायला ती जागा घेतली. कर्ज देणाऱ्यांनी माती-पाण्याचा अहवाल मागितला. बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत धरलं तर पिवळसर दिसत होतं. गटातल्या मंडळींनी मला गाठलं आणि म्हणाली, "ताई, इथली टाकी न् टाकी तुम्हाला माहीत आहे. आमच्या वतीने तुम्हीच लक्ष घाला." तेव्हापासून या कंपनीशी बोलणं, अहवाल वाचणं, साइटवर उभं राहणं हे सगळं माझ्याकडे आहे.

निवड करताना आमच्यापुढे तीन प्रस्ताव होते. एकाचं म्हणणं, सगळीकडची वरची माती सरसकट उचलून न्यायची, वर मुरूम टाकायचा, काम संपलं. दुसरा जमिनीत पोटॅशियम परमँगनेट सोडून ट्रायक्लोर जाळून टाकणार होता. आणि ही तिसरी कंपनी म्हणाली की खाली काय आहे ते कळल्याशिवाय उपाय सांगणार नाही. आधी तपासाचंच काम द्या, उपायाचा करार नंतर वेगळा करू. गटातल्या काहींना हे वेळकाढूपणाचं वाटलं. मला मात्र त्याच वाक्यामुळे त्यांच्याबद्दल भरवसा वाटला.

पहिल्या भेटीत त्यांच्या भूशास्त्रज्ञ मॅडम यंत्रं घेऊन आल्याच नाहीत. वही घेऊन आल्या आणि मला घेऊन सगळ्या जागेत फिरल्या. टाकी कुठे होती, धुवायचं पाणी कुठल्या चेंबरात जायचं, रिकामे ड्रम कुठे आडवे पडायचे, फरशीला भेगा कुठे होत्या, क्रोमच्या टाकीखालच्या पिटाचं अस्तर शेवटचं कधी बदललं, असे प्रश्न. जुने नकाशे मागितले, जुन्या कामगारांना भेटल्या. एका फिटरकाकांनी सांगितलं की डीग्रीझरचा गाळ काढला की तो मागच्या भिंतीलगतच्या खड्ड्यात जायचा. हा खड्डा कुठल्याच नकाशावर नव्हता. पुढे सर्वांत वाईट नमुने तिथेच निघाले. कागद न चाळता थेट बोअर मारायला घेणारी कंपनी असती, तर हा खड्डा कदाचित हातातून निसटला असता.

ट्रायक्लोर इतकं त्रासदायक का, ते थोडं सांगायला हवं. पाण्यापेक्षा ते जवळजवळ दीडपट जड असतं. तेलासारखं पाण्यावर तरंगत नाही. पाण्याच्या पातळीतून खाली उतरतं, चिकणमातीचा घट्ट थर लागला की त्यावर साचतं आणि थराचा उतार असेल तिकडे सरकतं. भूजल एकीकडे वाहत असलं तरी हे दुसरीकडे जाऊ शकतं. शिवाय प्रमाण किती सूक्ष्म! अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर ट्रायक्लोर म्हणजे साधारण 1.46 किलो. हिशेब करा: तेवढं एक लिटर सुमारे 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का मानला जातो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात टाकलं आहे. षट्संयोजी क्रोमियम, म्हणजे क्रोमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप, तेही त्याच गटात येतं.

म्हणूनच बोअर मारण्याची त्यांची पद्धत मला फार पटली. सर्वांत घाणेरड्या जागेच्या मध्यावर त्यांनी आधी ड्रिल लावलंच नाही. कडेकडेने सुरुवात करून आत आत येत गेले. प्रत्येक ठिकाणी चिकणमातीचा थर किती खोलवर लागतो ते नोंदवलं. थर लागला की थांबायचे. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "हा थर आहे म्हणून खालचं पाणी अजून बरं आहे. आपणच त्याला भोक पाडलं तर वरचा साठा खाली जाईल आणि मग तो कोणालाच काढता येणार नाही." थराच्या खालचं पाणी तपासायला जे मोजके खोल बोअर हवे होते, ते स्वच्छ भागात, बाहेरून केसिंग बसवून आणि सिमेंट भरून घेतले. त्याला वेळ लागला. लागू दे.

मागच्या भिंतीलगतच्या खड्ड्यातली कोर निघाली तेव्हा मी तिथेच होते. मातीची लांब कांडी पन्हाळीसारख्या ट्रेमध्ये आडवी ठेवली, सुरीने उभी चिरली आणि बाष्प मोजणारा मीटर तिच्यावरून वरून खाली फिरवला. वरच्या भागात आकडा जेमतेम हलला. राखाडी वाळू संपून चिकणमाती सुरू होते त्या सांध्यावर मीटर एकदम चढला. तिथली चमचाभर माती त्यांनी काचेच्या बाटलीत घेतली, पाणी घातलं, सुदान रंगाची चिमूटभर पूड टाकली आणि बाटली हलवली. हा रंग पाण्यात विरघळत नाही, सॉल्व्हंटमध्ये विरघळतो. बाटलीच्या तळाशी लाल ठिपके दिसले. म्हणजे ट्रायक्लोर तिथे पाण्यात विरघळलेलं नव्हतं, द्रवाच्या थेंबांच्या रूपातच बसलेलं होतं. अहवालाच्या पन्नास पानांनी कळलं नसतं ते त्या बाटलीने गटातल्या सगळ्यांना एका नजरेत दाखवलं.

भूजलाची दिशाही त्यांनी गृहीत धरली नाही. जमीन ओढ्याकडे उतरते, म्हणून पाणीही तिकडेच जात असणार असा सगळ्यांचा समज होता. त्यांनी निरीक्षण बोअरच्या तोंडांची उंची सर्व्हेने मोजून घेतली, एकाच दिवशी सगळीकडची पातळी मोजली, आणि वेगवेगळ्या ऋतूंत तेच पुन्हा केलं. तीन बोअरांच्या पातळ्यांवरून उताराची दिशा काढता येते, यांनी त्याहून बरेच जास्त घेतले. निघालं असं की शेजारच्या एका मोठ्या पंपामुळे पाणी ओढ्याकडे न जाता कडेला वळत होतं. निरीक्षण बोअर ओढ्याच्या बाजूलाच घेतले असते, तर सगळे अहवाल "स्वच्छ" आले असते आणि शेजारी तेच पाणी उपसत राहिला असता.

आता उपायाकडे वळते. माझ्या मते ही कंपनी तिचा मोबदला इथे वसूल करून देते.

परमँगनेट हा ट्रायक्लोरवरचा खरा आणि जलद उपाय आहे, यात शंका नाही. जांभळं द्रावण जमिनीत सोडतात, ते ट्रायक्लोर तोडतं. पण आमच्या जमिनीत क्रोम होतं. जमिनीत क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत राहतं. षट्संयोजी रूप पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं, पाण्याबरोबर दूरवर जाणारं आणि विषारी. त्रिसंयोजी रूप उदासीन पाण्यात हायड्रॉक्साइड होऊन मातीला चिकटून बसतं. इतक्या वर्षांत मातीतल्या लोहाने आणि सेंद्रिय पदार्थांनी आमचं बरंचसं क्रोम आपोआप त्रिसंयोजी करून ठेवलं होतं. परमँगनेट हा ऑक्सिडायझर. तो ट्रायक्लोर तोडतानाच हे निजलेलं क्रोम पुन्हा षट्संयोजी करून पाण्यात सोडणार. एक विष घालवायचं आणि दुसरं उठवायचं! परमँगनेटवाल्या प्रस्तावात क्रोमचा उल्लेखही नव्हता. या कंपनीने मातीचे नमुने प्रयोगशाळेत नेले, बाटल्यांमध्ये दोन्ही पद्धती लहान प्रमाणावर करून पाहिल्या आणि परमँगनेटच्या बाटलीत षट्संयोजी क्रोम किती वाढलं ते आमच्यासमोर मांडलं. त्यानंतर बैठकीत वादच उरला नाही.

मग उलट्या दिशेने जायचं ठरलं, म्हणजे क्षपणाने. हा विचार मला ओळखीचाच होता. आमच्या सांडपाणी शुद्धीकरणात आम्ही आधी आम्ल घालून सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोम त्रिसंयोजी करायचो, मग सामू वाढवून गाळ पाडायचो. जमिनीखाली असं आम्ल ओतता येत नाही, पण तत्त्व तेच. लोखंडाच्या भुकटीने क्रोमही खाली बसतं आणि ट्रायक्लोरमधलं क्लोरीनही निघतं. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एलिझाबेथ सिटी इथल्या तटरक्षक दलाच्या तळावरही हार्ड क्रोमचं प्लेटिंग शॉप होतं, आणि तिथेही क्रोम नि ट्रायक्लोर दोन्ही भूजलात उतरलं होतं. 1996 मध्ये तिथे पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या कणांची 46 मीटर लांब, सुमारे 7 मीटर खोल आणि 60 सेंटिमीटर जाड भिंत जमिनीत पुरली. पाणी तिच्यातून आपसूक वाहत जातं आणि जाताना साफ होतं. आमचा प्रश्न जवळजवळ तोच, म्हणून मॅडमनी पहिल्याच सादरीकरणात या जागेचा दाखला दिला होता.

आमच्याकडे क्रम असा ठरला. प्लेटिंगच्या पिटाखालची पिवळी पडलेली माती खोदून काढायची. पाण्याच्या पातळीच्या वर, कोरड्या मातीत अडकलेलं ट्रायक्लोर निर्वात पंपाने बाष्परूपात ओढून कार्बनच्या टाक्यांत धरायचं. खाली, पाण्यात, आधी क्रोमचा बंदोबस्त करायचा, कारण क्रोम जास्त असलं तर जिवाणू तगत नाहीत. म्हणून आधी लोखंडाची बारीक भुकटी आणि मग वनस्पती तेलाचं पायस (पाण्यात मिसळलेलं दुधाळ तेल) जमिनीत सोडायचं. खोदाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नीट झाली, ट्रक झाकलेले होते, चाकं धुऊनच बाहेर जात होती.

तेलाबद्दल मात्र सगळे विचारतात. जमिनीतले जिवाणू ते खातात, त्यात प्राणवायू संपतो, हायड्रोजन तयार होतो आणि डीहॅलोकोकॉइड्स नावाचे जिवाणू त्या हायड्रोजनवर जगताना ट्रायक्लोरमधला एकेक क्लोरीन काढत जातात. ट्रायक्लोरचं डायक्लोरोएथिलीन, त्याचं व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी एथिलीन. धोका मधल्या पायरीत आहे. व्हिनाइल क्लोराइड ट्रायक्लोरहूनही वाईट, अमेरिकेत त्याची मर्यादा 2 मायक्रोग्रॅमच आहे. प्रक्रिया तिथेच अडली तर पाणी आधीपेक्षा घातक होतं. म्हणून कंपनीने त्या जिवाणूंची जनुकीय चाचणी आधी करून घेतली, शेवटच्या पायरीचे जिवाणू कमी आहेत असं दिसल्यावर बाहेरून वाढवलेले सोडले, आणि पाणी आम्लधर्मी होऊ नये म्हणून सोबत बायकार्बोनेट दिलं. तुम्हाला हा उपाय कोणी सुचवला, तर व्हिनाइल क्लोराइड आणि एथिलीन दोन्ही प्रत्येक फेरीत मोजणार का, हे पहिल्यांदा विचारा. नुसतं ट्रायक्लोर शून्य झाल्याचा कागद काहीच सांगत नाही.

नुसता पंप लावून पाणी उपसायचं आणि साफ करायचं, हा जुना मार्ग त्यांनी फक्त हद्दीवर वापरला, पाणी बाहेर जाऊ नये इतपत. तेवढ्यावर सगळं भागवायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. 1994 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने पंपिंगच्या 77 जागांचा आढावा घेतला होता, त्यातल्या 69 जागी उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं. कारण ट्रायक्लोर चिकणमातीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसतं. वाळूतलं पाणी साफ झालं की ते हळूहळू बाहेर झिरपायला लागतं. पंप चालू असेपर्यंत आकडे सुंदर दिसतात, बंद केला की पुन्हा चढतात.

नमुने घेण्याची शिस्त हा या कंपनीचा सर्वांत उजवा भाग, आणि मी स्वतः प्रयोगशाळेतली असल्यामुळे तिथे मला फसवणं सोपं नाही. लहान पंप बोअरच्या जाळीच्या मध्यावर सोडायचा, मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी पाणी काढायचं, पातळी फार खाली जाऊ द्यायची नाही. सामू, वाहकता, प्राणवायू, गढूळपणा यांचे आकडे लागोपाठ तीनदा स्थिर आले की मगच बाटली भरायची. ट्रायक्लोरची बाटली 40 मिलिलिटरची. काठोकाठ भरून झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला की ती बाटली बाद, कारण त्या हवेत बाष्प निघून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. त्यांच्या एका तरुण मुलाने मोहरीएवढ्या बुडबुड्यासाठी भर उन्हात बाटली टाकून दुसरी भरली, कोणी पाहत नसताना. मी खिडकीतून पाहिलं. षट्संयोजी क्रोमचे नमुने जागेवर गाळून बर्फात ठेवायचे आणि 24 तासांच्या आत तपासायचे. प्रयोगशाळेतून आलेली शुद्ध पाण्याची बंद बाटली सगळ्या प्रवासात सोबत असते. तिच्यात ट्रायक्लोर निघालं, तर दोष वाटेतला, बोअरचा नव्हे.

आता कापलेल्या ताऱ्याचं.

तेल सोडताना एका जुन्या केबलच्या चरातून पांढरं पायस जमिनीवर आलं. तो चर माझ्या नकाशात होता, त्यांच्या ड्रिलिंगच्या उपकंत्राटदारापर्यंत तो नकाशा पोचलाच नव्हता. काम लगेच थांबवलं, चर बुजवला, दाब कमी केला. हे सगळं नीट केलं आणि अहवालात लपवलंही नाही. पण मॅडमची शिस्त उपकंत्राटदाराच्या गाडीपर्यंत पोचत नाही, हे खरं. उपसलेल्या पाण्याचे ड्रमही बराच काळ लेबलाविना उभे होते. प्लेटिंगच्या जागेत विनालेबल ड्रम म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आवाज चढवल्यावर लेबलं लागली.

दुसरं, अहवाल. आकडे अचूक, पण तक्ते इतके की गटातल्या कोणाला काहीच समजेना. प्रत्येक फेरीचा एकच रंगीत नकाशा द्या, कुठे वाढलं आणि कुठे घटलं तेवढं दाखवा, असं मी लेखी मागितलं तेव्हा तो यायला लागला. तो पहिल्यापासून यायला हवा होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. शेजारच्या पंपाच्या मालकांना पहिले आकडे हाती येताच कळवायला हवं होतं. कंपनीचं म्हणणं, ते ग्राहकाचं काम. गटाचं म्हणणं, आधी नियामक यंत्रणेला कळवू, मग बघू. यात जो वेळ गेला त्या काळात त्यांच्या घरची मंडळी तेच पाणी पीत होती. शेवटी मी आणि गटाचे अध्यक्ष त्यांच्या दारात गेलो आणि पंप पिण्यासाठी वापरू नका म्हणून सांगितलं. कायद्याने कळवायची जबाबदारी कोणाची हे काहीही असो, ज्याच्या हातात पहिल्यांदा आकडा येतो त्याने पाणी पिणाऱ्याला सांगितलंच पाहिजे. कराराच्या मसुद्यात हे कलम कंपनीने स्वतःहून घालायला हवं.

आणि एक: पहिल्या अंदाजात काम संपल्यानंतरच्या निरीक्षणाचा खर्च जेमतेम धरलेला होता. हे काम वर्षानुवर्षं चालतं, त्याचा आकडा पहिल्या दिवशीच मागून घ्या.

सध्याची स्थिती अशी. बहुतेक बोअरांत षट्संयोजी क्रोम मोजण्याच्या मर्यादेखाली आहे, एथिलीन दिसतं आहे, म्हणजे जिवाणू शेवटच्या पायरीपर्यंत पोचत आहेत. क्रोम जमिनीतून गेलेलं नाही, त्रिसंयोजी होऊन तिथेच आहे. उद्या त्या जागेत कोणी ऑक्सिडायझर ओतू नये म्हणून ही नोंद जमिनीच्या कागदपत्रांत राहावी, असा कंपनीचाच आग्रह होता आणि तो आम्ही मान्य केला. मागच्या भिंतीजवळच्या एका बोअरात पाण्याची पातळी चढली की ट्रायक्लोर पुन्हा वर येतं. गटाला काम पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता. कंपनीने तो दिला नाही. त्या एका कोपऱ्यात दुसऱ्यांदा तेल सोडून आणखी काही ऋतू पाहू, गाळ्यांचं बांधकाम दुसऱ्या टोकापासून सुरू करा आणि या कोपऱ्यातल्या इमारतीच्या फरशीखाली बाष्प बाहेर काढणारे पाइप आधीच घाला, असा त्यांचा सल्ला आहे. बांधकामाचा नकाशा त्याप्रमाणे बदलला आहे आणि दुसऱ्या फेरीचं कामही याच कंपनीला दिलं आहे. या वेळी ड्रिलिंगवाल्यांच्या हातात नकाशा आहे की नाही, ते मी स्वतः बघणार आहे.